आधी बोट ठेव

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत जोडलेला असाइनमेंटचा कागद, दोन्ही वाचले. ‘पर्यावरणाशी निगडित एखादी समस्या निवडून तिच्यावर डिझाइनच्या साहाय्याने उपाय सुचवा’ एवढ्या एका वाक्यावर तुला पूर्ण सत्र काढायचे आहे आणि त्या वाक्याला ना काठ ना तळ, ही तुझी तक्रार रास्त आहे. तू त्यातून काढलेला मार्ग मात्र मला पटलेला नाही. मुळा-मुठेचे प्रदूषण, हवामानबदल, टेकड्यांवरची बांधकामे, प्लास्टिक आणि ‘लोकांची मानसिकता’ असे पाच विषय तू मांडले आहेस आणि प्रत्येकापुढे उपाय म्हणून एखादे अ‍ॅप किंवा जनजागृती मोहीम लिहिली आहेस. यातल्या एकाही विषयावर मला बोट ठेवता येत नाही. आधी बोट ठेव, मग पेन्सिल उचल. या पत्रात मी याखेरीज फारसे काही सांगणार नाही.

प्लास्टिकचेच घे. सकाळी पातेल्यात दूध ओतताना आपण पिशवीचा कोपरा कात्रीने कापतो. नखाएवढा तो तुकडा ओट्यावरून मोरीत किंवा ओल्या कचऱ्यात जातो आणि पुन्हा कोणाच्याही हाती लागत नाही. उरलेली पिशवी धुऊन वाळवली तर भंगाराच्या दुकानात तिला वजनावर भाव मिळतो. न धुतलेली, आंबूस वासाची पिशवी मात्र कचरा वेचणाऱ्या बाईचे हात घाण करते आणि भावही पाडते. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा दुधाच्या पिशवीवर निदान ५० पैसे परताव्याची रक्कम छापावी आणि रिकामी पिशवी परत घ्यावी, अशी तरतूद तिच्यात होती. आता तू तुमच्या पेठेतल्या दूधविक्रेत्यासमोर सकाळी सहा वाजता जाऊन उभा राहा. गिऱ्हाइकाच्या एका हातात भरलेल्या पिशव्या आणि दुसऱ्या हातात फोन असतो. विक्रेत्याच्या क्रेटमध्ये ओल्या, रिकाम्या पिशव्यांना जागा नसते, त्या मोजत बसायला त्याला सवड नसते आणि पन्नास पैशांचे नाणे तर हल्ली कोणी हातातही धरत नाही. अशा वेळी त्या गिऱ्हाइकाची ‘मानसिकता’ बदलून काय होणार आहे? कोपरा पिशवीलाच लटकत राहील असा छेद, स्वयंपाकघरात पिशवी वाळत घालायची जागा, विक्रेत्याच्या फळीखालचा एक डबा, पैशांऐवजी महिन्याच्या बिलातून होणारी वजावट, यांपैकी कोणताही एक सांधा तुला सत्रभर पुरेल आणि तिथे बोट ठेवता येईल.

तुला हे क्षुल्लक वाटेल याची मला कल्पना आहे. एका नावाजलेल्या संस्थेच्या ज्यूरीत, म्हणजे परीक्षकांच्या मंडळात, माझ्या डिझाइनच्या कामाचे वर्णन ‘बादल्या आणि कप्पे’ असे झाले होते आणि ते पुढे बरीच वर्षे माझ्या मागे राहिले. माझ्या बरोबरीच्या लोकांनी नद्यांचे आराखडे केले, परिषदांत भाषणे दिली; मला नदीच्या कामाच्या जवळपासही जाता आले नाही, याची रुखरुख आहे आणि ती जाणार नाही. तरीही, जे आराखडे रंगीत पुस्तिकांच्या पलीकडे गेले नाहीत त्यांच्यापेक्षा माझ्या बादल्या रोज सकाळी वापरात आहेत, हे मी कोणी विचारले नाही तरी सांगते. माझा हट्ट तिथून आलेला आहे, तेव्हा तेवढा तू समजून घे.

शिवाय क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी कुठवर जातात याचे उदाहरण आपल्याच पुण्यात आहे. वापरलेले सॅनिटरी पॅड कचरावेचकांना कोरड्या कचऱ्यातून हातांनी वेगळे करावे लागत. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही वेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि पुढे तिच्यातूनच निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने हा प्रश्न हाती घेतला. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळावे आणि वर लाल ठिपका काढावा, एवढेच त्यांनी नागरिकांना सांगितले. पुडके उघडण्याआधीच वेचणारीला आत काय आहे ते कळते. सगळी घरे असे करत नाहीत, हे तर उघडच आहे. पण तो ठिपका नेमका तिच्या हाताच्या आणि त्या पुडक्याच्या मध्ये बसवलेला आहे. मी ज्याला बोट ठेवणे म्हणते ते हेच.

तुला वस्तूंत रस नसेल आणि पाण्यावरच काम करायचे असेल, तरी ‘नदी’ म्हणून सुरुवात करू नकोस. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, अरण्येश्वर परिसरात भिंत कोसळून माणसे गेली. त्या ओढ्याच्या काठाने कात्रजकडून खाली चालत ये. पात्र कुठे आवळले आहे, कोणत्या पुलाखाली कचरा तुंबतो, पाणी चढू लागले तर काठावरच्या घरातल्या म्हातारीला ते कोण सांगणार आणि रात्री वीज गेलेली असताना कसे सांगणार, हे विचार. यातला एकच प्रश्न घे, आणि ज्या घरासाठी घेशील त्या घराची पायरी मला नकाशावर दाखव.

एक धोका मात्र आधीच सांगून ठेवते. तू रसायनशास्त्राकडे वळशील, कारण नवे मटेरियल शोधले की काम झाले असे तुमच्या वयात वाटते. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीने प्लास्टर ऑफ पॅरिसची गणेशमूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवण्याची रीत पुण्यात आली. तळाशी कॅल्शियम कार्बोनेट उरते आणि वरच्या पाण्यात खत म्हणून उपयोगी पडणारे अमोनियम सल्फेट. रसायनशास्त्राचे काम तिथे संपले. त्यानंतर ती बादली फ्लॅटच्या गॅलरीत असते, तिला उग्र वास येतो, अर्धवट विरघळलेला गणपती दिसू नये म्हणून घरातली आजी वर ताट झाकते, आणि ते पाणी कुंड्यांना किती घालायचे हे कोणालाच ठाऊक नसते. डिझाइनरला बोलावणे यायला हवे ते या गॅलरीत. मला तर हा विषय तुझ्या पाचही विषयांपेक्षा सरस वाटतो, पण निवड तुझी.

‘एवढ्याशा कामाने फरक काय पडणार’ हे ज्यूरी विचारीलच. त्यांना ती एक पिशवी, ते एक घर किंवा ती एक बादली दाखव, मग ज्या माणसाने ती हाताळली त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत वाचून दाखव आणि तिथेच थांब. आकड्यांचा गुणाकार त्यांना करू दे. येत्या रविवारी घरी ये. येताना लॅपटॉप आणू नकोस, वही आण, आणि तीत एका जागेचा पत्ता, तिथे तू उभा होतास ती वेळ आणि ज्यांच्याशी बोललास त्यांनी सांगितलेले असू दे. सादरीकरणाच्या पहिल्या पानावर दोन तळहातांवर ठेवलेली हिरवी पृथ्वी आहे, ती तेवढी आजच काढून टाक.

तुझी,
मावशी