ड्रायर खडखडतोय? आधी कपडे बघा, मग मोटार

मे महिन्यात आपल्याकडे गच्चीवर टाकलेली चादर पापडासारखी वाळते, तेव्हा ड्रायर कुणाला आठवत नाही. श्रावणझड लागली की मात्र एकच ओरड: ‘भाऊ, मना ड्रायर बोंबलस, काय करू?’ सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या ड्रायरबद्दल (म्हणजे कपडे गरगर फिरवून पिळणाऱ्या टपाबद्दल) तेच ते पुन्हा विचारलं जातंय, म्हणून एकदाच उत्तरं देतो.

ड्रायर सुरू केला की अख्खं मशीन मोरीत नाचतं. कालपर्यंत नीट होतं. (भुसावळ)

ओली गोधडी एका बाजूला कोंबली असणार. कपडे सारखे पसरा, वर जाळीचं झाकण दाबून बसवा. रिकामा ड्रायरही आदळत असेल तर खालची स्प्रिंग गेली, मेकॅनिकला बोलवा.

नुसता ‘घूं’ करतो. हाताने ढकलला की फिरतो. दुकानदार म्हणतो, मोटार बदला. (अमळनेर)

ढकलल्यावर फिरतो ना? मग बहुतेक कपॅसिटर (मोटारीला सुरुवातीचा जोर देणारा छोटा भाग) गेलाय, किंवा ब्रेक अडकलाय. मोटारीपुढे कपॅसिटरची किंमत किरकोळ, म्हणूनच त्याचं नाव कुणी आधी घेत नाही. दुसऱ्याकडून तपासून घ्या. मोटार बदलावीच लागली तर वाइंडिंग (आतल्या तारेचे वेढे) तांब्याचं की ॲल्युमिनियमचं, ते बिलावर लिहून मागा. तोवर ‘घूं’ होताच बटण बंद करा, नाहीतर चांगली मोटारही जळेल. आणि स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते.

झाकण लावून ड्रायर फिरवला की खर्रर्र आवाज आणि रबर जळाल्यासारखा वास यायचा. मेकॅनिकने दहा मिनिटांत आवाज बंद केला. आता झाकण उघडलं तरी ड्रायर बराच वेळ फिरतो. चालेल का? (शिरपूर)

नाही चालणार! त्याने आवाज दुरुस्त केला नाही, तुमचा ब्रेक काढून टाकलाय. या एका गोष्टीपायी मी कितीजणांशी भांडलोय, मोजदाद नाही.

झाकण बंद असताना ब्रेकची तार ताणलेली राहते आणि ब्रेक सुटा असतो. झाकण उघडलं की तार सैल पडते, ब्रेक मोटारीच्या कपलिंगवर (मोटार आणि ड्रायरचा दांडा जोडणाऱ्या भागावर) बसतो, त्याच वेळी स्विच मोटारीची वीज तोडतो. काही वर्षांनी तार लांबते. मग झाकण लावूनही ब्रेक पुरता सुटत नाही, घासत राहतो. तुमचा खर्रर्र आणि वास तिथला. तार ताणून बसवायची, ब्रेक झिजला असेल तर नवा टाकायचा, एवढंच काम होतं. हे महाशय ब्रेकच काढून मोकळे झाले. काहीजण तर झाकणाच्या स्विचच्या ताराही थेट एकमेकींना जोडून टाकतात, म्हणजे उघड्या झाकणानेही मोटार चालूच!

ड्रायर मिनिटाला सुमारे 1300 फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला वीसहून जास्त. ओल्या साडीचा पदर लेकराच्या मनगटाला गुंडाळला गेला तर ‘आई’ म्हणायलाही वेळ मिळत नाही. घरात लहान मूल असो वा नसो, आजपासून ड्रायर बंद. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला सांगून ब्रेक आणि स्विच दोन्ही बसवून घ्या, आणि आपल्यासमोर झाकण उघडून बघा: ड्रायर काही सेकंदांत थांबलाच पाहिजे.

दिवाळीपासून कर्रकर्र आवाज येतो, मशीनखाली पाणी साचतं. शेजारी म्हणतात, दांड्यावर तेल सोडा. (रावेर)

दिवाळीपासून! आणि विचारताय श्रावणात. ड्रायरखालचं रबरी सील फाटलंय. पाणी दांड्यावरून थेट मोटारीत उतरतंय, बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) गंजतोय. तेव्हाच सील बदललं असतं तर मोटार वाचली असती. आता तीही तपासावी लागेल. तेलाने रबर खराब होतं, शेजाऱ्यांना सांगा. हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर प्लग काढा आणि आधी वायरमनकडून अर्थिंग बघून घ्या.

मशीनखाली पोतं घातलं तर आवाज कमी होईल? (चोपडा)

ओलं पोतं विजेच्या मशीनखाली नको.

मुलाने अमेरिकेतून गरम हवेचा टंबल ड्रायर आणलाय. ठकठक वाजतो. (जळगाव)

आधी खिशातली नाणी, पँटची बकलं बघा. रिकामा असतानाही तालात वाजत असेल तर ड्रम ज्या रोलरवर फिरतो ते झिजलेत किंवा पट्टा गेलाय. पण माझी काळजी वेगळी आहे. तिथली वीज 60 हर्ट्झची, आपली 50; व्होल्टेजची जोडणीही निराळी. जाणकार इलेक्ट्रिशियनला मागची पाटी दाखवल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका. तो बघायला आला की जाळीत आणि मागच्या नळीत साचलेला कपड्यांचा भुसाही काढून घ्या; तो पेट घेतो.