अक्कलकाढ्यानं अडखळणं जात नाही

प्रश्न : मी आठवीत आहे. ‘क’ आणि ‘प’चे शब्द तोंडातच अडकतात. वाचनाची पाळी जवळ आली की पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर जातो. मुलं नक्कल करतात. आजी रोज जिभेवर अक्कलकाढा ही औषधी वनस्पती घासते. पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा आहे. काय करू?
– एक विद्यार्थी, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : अक्कलकाढा बंद कर. आजीची माया खरी, पण दोष जिभेत नाही. सगळ्यांबरोबर प्रतिज्ञा म्हणताना तू बहुधा अडखळत नसशील, आणि जीभ तर तीच असते. बोलण्याच्या हालचालींची वेळ मेंदू जुळवतो, तिथं हा फरक असतो. बऱ्याचदा तो घराण्यातच असतो. भीतीनं तो जन्मत नाही, वाढतो मात्र नक्की.

‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला टेकतो. अडकल्यावर तू जोर लावतोस, जीभ आणखी घट्ट बसते, घसा आवळतो आणि आवाज बंद होतो. म्हणून सराव जोर सोडण्याचा करायचा. आधी एवढंच : शब्द अडखळत का होईना, पुरा कर, दोन-तीन सेकंद थांब, मग तोच शब्द जीभ हलकी टेकवून, स्वर लांबवून म्हण : ‘कोऽल्हापूर’. हे जमलं की अडकलेल्या जागीच जोर सोडून थोडी हवा जाऊ दे आणि शब्द सावकाश बाहेर काढ. ‘प’ला ओठ असेच हलके मिटायचे. रोज दहा मिनिटं, मोठ्यानं. छातीभर श्वास घेऊन तो रोखू नकोस, त्यानं घसा उलट बंद होतो. पाय आपटून किंवा ‘म्हणजे, म्हणजे’ करून शब्द निघतो, पण चार दिवसच. नंतर ती सवयच चिकटते.

खरी अडचण पाणी प्यायला जाण्यात आहे. टळलेली प्रत्येक पाळी पुढची पाळी अवघड करते. भीती वाटणारे आठ-दहा प्रसंग लिही, प्रत्येकाला भीतीचे दहापैकी गुण दे आणि तीन गुणांच्या प्रसंगापासून सुरुवात कर. केएमटीच्या बसमध्ये स्वतः ‘एक कळंबा’ म्हणून तिकीट माग. अनोळखी माणसाला ‘पापाची तिकटी कुठं?’ विचार. कधी मुद्दाम, हलकेच ‘क-क-कळंबा’ म्हण. लपवायचं काही उरलं नाही की भीतीही उतरते.

वर्गशिक्षकांना आधीच सांग : “सर, मी अडखळतो. मला वेळ द्या, शब्द पुरा करू नका.” पहिले काही दिवस बाकावरच्या मित्राबरोबर एका सुरात वाचायची परवानगी माग, मग त्यानं हळूहळू गप्प व्हायचं. तोंडी परीक्षेतून सूट मागू नकोस, जादा वेळ माग. नक्कल करणाऱ्याला “हो, अडखळतो. पुढचं ऐक,” म्हण, तरी थांबला नाही तर शिक्षकांना नावानिशी सांग. ते थांबवणं शाळेचं काम आहे, तुझं नव्हे.

सीपीआर रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात वाचा उपचार तज्ज्ञांची चौकशी कर. ‘पंधरा दिवसांत बरं करतो’ म्हणणाऱ्यांकडे जाऊ नकोस.

प्रश्न : मुलगा अडखळला की ‘हळू बोल’ म्हणावं का?
– एक आई, कसबा बावडा

उत्तर : नको. त्यानं त्याचं लक्ष चुकीवरच जातं. तुम्हीच जरा सावकाश बोला, त्याच्याकडे बघत वाक्य संपेपर्यंत थांबा आणि तो काय म्हणाला त्यालाच उत्तर द्या. पाहुण्यांसमोर त्याचं नाव तुम्ही सांगू नका. नावाला दुसरा शब्द घालता येत नाही, म्हणून तिथंच सगळ्यात जास्त अडतं. तरी ते त्यालाच सांगू द्या.