‘बाळाला वाट पुरली नाही’ असे ऐकल्यानंतर

पहिल्या बाळंतपणात ऐन कळांमध्ये सिझेरियन करावे लागलेल्या स्त्रिया समुपदेशनासाठी येतात, तेव्हा त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो: ‘माझे कटीचे हाड लहान आहे असे सांगितले होते, मग पुढच्या वेळीही तेच होणार ना?’ या प्रश्नाआड बरेचदा अपराधी भाव दडलेला असतो.

अशाच एक बाई दुसऱ्यांदा गरोदर असताना आल्या. आपली उंची कमी आहे, चपलेचा नंबरही लहान आहे, त्यामुळे आपले शरीर बाळंतपणासाठी घडलेलेच नाही, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच काढून ठेवला होता. (चपलेच्या नंबरावरून प्रसूतीचे भाकीत करता येत नाही, तरी हा समज काही केल्या जात नाही.) मी त्यांना जुने डिस्चार्ज कार्ड आणायला सांगितले. त्यावर ‘सीपीडी’, म्हणजे बाळाच्या डोक्याला आईच्या कटीतून वाट पुरत नाही, ही तीन अक्षरे ठळक होती. मात्र खाली बारीक अक्षरांत असेही नोंदवले होते की गर्भाशयाचे तोंड आठ सेंटिमीटर उघडल्यावर प्रगती थांबली आणि बाळाचा चेहरा आईच्या पाठीकडे नसून पोटाकडे होता. बाळाचे वजन तीन किलोच्या आसपास, म्हणजे काही अवाढव्य नव्हते.

ही बारीक नोंद फार महत्त्वाची होती. बाळाने हनुवटी छातीला टेकवलेली असेल तर डोक्याचा साधारण साडेनऊ सेंटिमीटरचा व्यास वाटेत येतो. मान पुरेशी झुकलेली नसेल, आणि चेहरा पुढे असताना असे बरेचदा घडते, तर तेच डोके साडेअकरा सेंटिमीटरपर्यंतची जागा मागते. त्यातच कवटीची हाडे कळांच्या दाबाने एकमेकांवर सरकतात आणि आईच्या कटीचे सांधेही गरोदरपणात सैल होतात. म्हणूनच बाळाला वाट पुरेल की नाही, हे बहुतेक वेळा प्रत्यक्ष कळांमध्येच ठरते. मुडदूस किंवा अपघातात मोडलेले कटीचे हाड अशा कारणांनी वाट खरोखरच अरुंद झाली असेल, तर गोष्ट वेगळी.

‘म्हणजे ऑपरेशन उगीच केले का?’ त्यांनी लगेच विचारले. तसे मुळीच नव्हते. अडलेली प्रसूती तशीच रेटली तर गर्भाशय फाटू शकते आणि बाळ दगावू शकते. त्यामुळे त्या वेळचा निर्णय योग्यच होता.

या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करायचा की पुन्हा सिझेरियन, हा निर्णय प्रसूतितज्ज्ञांचा आणि त्या बाईंचा होता. गर्भाशयावरचा छेद आडवा आहे ना, दोन बाळंतपणांत अंतर किती आणि तातडीचे सिझेरियन जिथे होऊ शकेल असे रुग्णालय हाताशी आहे का, हे प्रश्न आम्ही कागदावर उतरवले. छेद खालच्या भागात आडवा असल्यास कळांमध्ये जुना व्रण उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एक असतो. दुसरीकडे, प्रत्येक नव्या सिझेरियनबरोबर पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणात रुतण्याची शक्यता वाढते. प्रगती थांबल्यामुळे सिझेरियन झालेल्या स्त्रियांपैकीही निम्म्याहून अधिक जणी, प्रयत्न केल्यास, पुढच्या वेळी नैसर्गिकरीत्या बाळंत होतात.

हे सारे समजून घेतल्यावर त्या बाईंनी ठरवून केलेले सिझेरियनच निवडले. कळा सोसून पुन्हा घाईघाईने ऑपरेशन टेबलावर जायचे नाही, आणि तिसरे मूलही नको, एवढे त्यांच्या मनात स्पष्ट होते. पतीने पुन्हा त्यांच्या उंचीचा विषय काढला, तेव्हा बाळाचा चेहरा कुणीकडे होता हे त्यांनीच त्याला समजावून सांगितले.