डी५ कधी?

काळ्या मोहऱ्यांनी खेळलेला तुझा बुद्धिबळाचा डाव रात्री पटावर लावून पाहिला. एकोणीस चालींत हरलीस म्हणून सिसिलियन, म्हणजे पांढऱ्याच्या ई४वरच्या प्याद्याला सी५वर प्यादं टाकून उत्तर द्यायचं, ते सोडून ई४ला ई५ खेळू का, असं विचारतेस. सोडायचं तर सोड, पण आधी चौदावी चाल बघ.

पांढऱ्याने कॅसलिंग करून राजा वजिराच्या बाजूला नेलाय, त्याचं जी-प्यादं जी४ला आलंय, जी५ येणार हे दिसतंय. आणि तू एच६ खेळलीस. वाटलं असेल, आधी दार लावून घेऊ. अगं, कडी काढून दिलीस! जी५ आलं, प्यादी कापली गेली, जी-स्तंभ थेट तुझ्या राजासमोर मोकळा. तिथे डी५ होतं, डी-प्यादं मधे ढकलायचं.

आपण सी-प्यादं देऊन त्याचं डी-प्यादं घेतो ते कशासाठी? मधे आपली दोन प्यादी उरतात, त्याचं एक. ती काय शोभेला? तो बाजूने चाल करून येतोय, तर मध्य फोड. दर चालीला विचार, आता डी५ चालतं का? नीट मोज: त्याचं ई४चं प्यादं, सी३चा घोडा, डी-स्तंभावरचा हत्ती, आपलं ई६चं प्यादं, एफ६चा घोडा. चालत नसेल तर ते चालेल अशी तयारी कर. एच६ ही तयारी नव्हे.

एवढा चिडतोय कारण हेच एच६ मीही खेळलोय. शेवटची फेरी, पंधरावी चाल, डी५ समोर दिसत होतं. म्हटलं, एक चाल थांबू. त्यानंतर दोन वर्षं ई५ खेळून बरोबऱ्या गोळा केल्या. घाबरलो म्हणून नाही हं. नोकरी नवी होती, तयारीला वेळ नव्हता. असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो.

१९७२च्या रेक्याविकमधल्या फिशर-स्पास्की जगज्जेतेपदाच्या सामन्यात अकराव्या डावात फिशरने बी२चं प्यादं खाल्लं आणि वजीरच अडकवून घेतला. सिसिलियनमध्येच. एकविसाव्या, शेवटच्या डावात स्पास्कीच्या ई४ला त्याने पुन्हा सी५च खेळलं, आणि सातव्या चालीला डी५. सातव्या! तो डाव जिंकून जगज्जेता झाला. तुझ्यामाझ्याकडे त्याची गणनशक्ती नाही, मान्य. पण डी५ला ती कुठे लागते, पाच मोहरी तर मोजायची.

चौदाव्या चालीची स्थिती पुन्हा लाव. एच६ऐवजी डी५ खेळ आणि पांढऱ्याची तीन उत्तरं लिहून पाठव. चाली सुचवणारं संगणकाचं इंजिन बंद ठेवून.