गिरणी बंद पडली, तरी आजोबा गावी का परतले नाहीत?

प्रश्न : माझे आजोबा राजापूर तालुक्यातून मुंबईला आले आणि परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. १९८२च्या संपात त्यांचं काम गेलं. गावी घर होतं, थोडी भातजमीन होती. तरी ते शेवटपर्यंत मुंबईतच राहिले, रस्त्यावर भाजी विकली. ते परतले का नाहीत? आणि कोकणातली एवढी माणसं मुळात गेली ती पगाराच्या मोहानेच का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मोह हा शब्द तेवढा काढून टाका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी १९७४ पासून छत्तीस वर्षं पोस्टमास्तर होतो. दर महिन्याच्या दहा-बारा तारखेला मुंबईच्या मनीऑर्डरी यायच्या. साठ रुपये, ऐंशी रुपये. खाली कुपनावर दोन ओळी : ‘वाण्याचं देणं भागवा. बांध पडला असेल तर घालून घ्या.’ मोहाने गेलेला माणूस पडलेल्या बांधाची चौकशी करत नाही.

आमच्याकडे पाऊस धो धो पडतो आणि कातळावरून समुद्राला जातो. पीक एकच. भात थोडा, वरकस उतारावर नाचणी-वरी. त्यात खोती. गावचा सारा गोळा करणारा खोत कुळांकडून पिकाचा वाटा घ्यायचा, पुष्कळ ठिकाणी निम्मा, वर वेठ वेगळी. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोतीविरुद्ध विधेयक मांडलं, कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. तोवर तीन-चार पिढ्या भाऊच्या धक्क्यावर उतरून गेल्या होत्या. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ला उभी राहू लागली. किनाऱ्याने आगबोटी सुरू झाल्या आणि घाट न चढताही रोख पैशाची वाट मोकळी झाली. देणी तर आधीपासूनच होती, त्यांना रोख पैसाच लागत होता.

पण गेला तो पुरुष. बायका, म्हातारी, पोरं गावी. लालबाग-परळला एकेका गावाची खोली असायची. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेत झोपायची. जेवण खानावळवाल्या बाईकडे. एवढ्या पगारात बिऱ्हाड मांडणं बहुतेकांना जमत नव्हतं. म्हणजे त्या पगाराची अर्धी बाजू गावच्या बाईने चिखलात उभं राहून भरली, हे मी पोस्टाच्या खिडकीतून रोज पाहिलं आहे. गिरण्यांच्या इतिहासात तिचं नाव सहसा येत नाही, याचा मला राग येतो. २०११च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या.

आता आजोबांचं. १८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. आज मिटेल, उद्या मिटेल, असं म्हणत माणसं थांबली. मुंबई सोडली तर बदलीवर, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागीही, कुणी घेणार नाही, ही धास्ती. गिरणीकडची थकलेली येणी अडकलेली. तुमच्या आजोबांच्या पिढीत पुष्कळांची मुलं मुंबईच्या शाळेत होती, हेही लक्षात घ्या.

आणि परतायचं कशावर? सातबारावर भाऊबंदांची पंधरा नावं. एवढी वर्षं जमीन कसली ती मागे राहिलेल्या भावाने, त्याच्या ताटातला घास कसा काढून घ्यायचा? गावच्या वाण्याची उधारीसुद्धा मनीऑर्डरीच्या भरवशावर चालायची. गिरणीचं दार बंद झालं त्या दिवशी गावाचीही मिळकत बंद झाली. आजोबा परतले असते तर खाणारं एक तोंड वाढलं असतं, ते त्यांना कळत होतं. काहीजण परतले, नाही असं नाही. त्यांतले कितीतरी शिमगा झाल्यावर पुन्हा गेले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या कमी झाली.

तुमचं पत्र वाचताना मला एक बाई आठवत राहिली. तिचा नवराही साच्यावर होता. संपाच्या पहिल्या उन्हाळ्यात दहा तारखेला ती नेमाने यायची, ‘मास्तर, आली काय?’ विचारून उभी राहायची, मग जायची. पावसाआधी ती पदरात सुटे पैसे बांधून आली. काजूबिया विकल्या होत्या. मनीऑर्डरचा फॉर्म माझ्याकडून भरून घेतला. तोवर तिच्या घराचं नाव मी नेहमी घेणाऱ्याच्या जागी वाचलं होतं. त्या दिवशी पाठवणाऱ्याच्या जागी तिचं नाव लिहिलं आणि घेणाऱ्याच्या जागी लालबागचा पत्ता. पंचवीस रुपये. कुपनावर काय लिहू विचारलं, तर म्हणाली, ‘लिहा, बांध घातलाय.’