तळ्याच्या गाळातली राख लांबच्या ज्वालामुखीची आहे, आपल्या काळ्या दगडाची नाही, हे कशावरून कळतं?

भाऊ, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: हजारो किलोमीटर लांब फुटलेला ज्वालामुखी तळ्याच्या गाळावरून कसा कळतो, आणि आपल्या खानदेशात जिकडे बघाल तिकडे लाव्हाचाच काळा दगड, मग सापडलेली राख त्याचीच नसेल कशावरून. दुसरा प्रश्न लय महत्त्वाचा आहे, जिऑलॉजीत एमएस्सी करताना मलाही तोच पडला होता, म्हणून आधी तो घेतो.

आपला दगड बेसाल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पातळ लाव्हा वाहत आला आणि थरावर थर बसत गेला, त्या भेगांत थिजलेला लाव्हा आजही धुळे-नंदुरबारकडे दगडी भिंतीसारखा सरळ रेषेत उभा दिसतो. त्यात सिलिका, म्हणजे वाळूत असतो तो घटक, ५० टक्क्यांच्या आसपास, लोह भरपूर. इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावरचा टोबा ज्वालामुखी फुटला साधारण ७४ हजार वर्षांपूर्वी, आणि त्याच्या राखेतल्या काचेत सिलिका ७५ टक्क्यांच्या वर, पोटॅशियम जास्त, लोह अगदी थोडं. त्यामुळे दोन्ही एकाच गाळात असले तरी गल्लत होत नाही.

ही राख म्हणजे लाकडाची राख नाही बरं का, बारीक काच असते. टोबाची राख महाराष्ट्रात बोरीला सापडलीय, बोरी म्हटलं की आपल्याला अमळनेरची नदी आठवते पण हे बोरी गाव जुन्नरकडचं, कुकडीकाठचं. तिथली चिमूटभर राख मी मायक्रोस्कोपखाली पाहिलीय. बोटाला रांगोळीसारखी लागते, पण मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर फुटलेल्या बांगडीचे तुकडे असावेत तसे पारदर्शक, वाकडे, धारदार कण, कारण लाव्हातले वायूचे बुडबुडे फुटून त्यांच्या भिंतींचे ते तुकडे झालेले असतात. दोन पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेचा प्रकाश जाऊ देणाऱ्या पट्ट्या, एकमेकींना आडव्या लावून खालची तबकडी फिरवली की वाळूतला क्वार्ट्झ (गारगोटी) उजळतो-विझतो, ही काच मात्र काळीच राहते. ते पाहत मी अर्धा तास खुर्चीवरून उठलो नव्हतो. आणि कोळशाच्या वीजकेंद्राची राख असेल तर तिचे कण गोल गोळ्या असतात, त्यामुळे तीही लगेच वेगळी कळते.

आता तळं कशाला, तर नदी राख वाहून नेते, पुन्हा दुसरीकडे टाकते, जाडी-खोली सगळं बिघडवते. बोरीच्या राखेच्या वयावर वर्षानुवर्षं वाद झाला, कुणी १४ लाख वर्षं सांगितलं, कुणी ७५ हजार. खोल शांत तळ्याच्या तळाशी मात्र वर्षावर वर्ष गाळ बसत जातो आणि जे पडलं ते तिथंच राहतं. लांबून आलेली राख बऱ्याचदा डोळ्यांना दिसतही नाही इतकी थोडी असते, म्हणून तळ्यात पाइप घालून गाळाचा लांब दांडा काढतात, त्याचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे तुकडे करतात, बारीक चाळणीतून धुतात, मग जड द्रवात टाकतात, त्यात काच तरंगते आणि जड खनिजं खाली बसतात. वर तरंगलेले काचेचे कण मायक्रोस्कोपखाली एकेक करून मोजायचे, जिथं आकडा एकदम वाढला तो थर राखेचा. मग इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब या बारीक कणातलेही घटक मोजणाऱ्या यंत्रानं एकेका कणाची केमिस्ट्री काढून माहीत असलेल्या ज्वालामुखींशी जुळवायची. खरा पत्ता केमिस्ट्रीच सांगते, नुसत्या आकारावरून ज्वालामुखीचं नाव घेणं मला पटत नाही.

असंच २०१३ मध्ये आफ्रिकेच्या मलावी तळ्यात टोबाची काच सापडल्याचं प्रसिद्ध झालं, सुमात्रापासून ७ हजार किलोमीटरवर! आणि त्याच थराच्या वरखालचा गाळ पाहून कळलं की तिकडे हवामान काही फार थंड पडलेलं नव्हतं, टोबामुळे सगळं जग गारठलं या कल्पनेला तिथं मोठा धक्का बसला.

आपल्या जवळ म्हणाल तर चांगदेवला तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात, वर वऱ्हाडात, जुन्या गाळात राखेचा थर नोंदवलेला आहे. तापीकाठी विहीर खोदताना पांढुरका थर लागला तर बहुतेक वेळा ती चुनखडी असते, लिंबू पिळून पाहा, फसफसलं तर चुनखडीच. नाही फसफसलं आणि रांगोळीसारखं लागलं तर खोली मोजून लिहून ठेवा, फोटो काढा, मूठभर वेगळ्या पिशवीत भरा आणि जवळच्या कॉलेजच्या जिऑलॉजीवाल्यांना नेऊन दाखवा.