उत्तर वझिरीस्तान जिल्ह्यात कोण राहते आणि तिथला कारभार कसा चालतो?

पाकिस्तानच्या खैबर पख्तूनख्वा प्रांतातील या डोंगराळ जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मीरानशाह असून तेथे प्रामुख्याने उत्मानझई वझीर आणि दावर या दोन पश्तून जमाती राहतात. तोची नदीकाठच्या सुपीक पट्ट्यात दावर शेती करतात, तर वझिरांची वस्ती मुख्यतः भोवतालच्या डोंगरांत आहे.

कारभार समजून घ्यायचा तर 1901 चा सरहद्द गुन्हे कायदा पाहावाच लागतो. या ब्रिटिशकालीन कायद्याने पोलिटिकल एजंटाच्या (सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) हाती महसूल, न्याय आणि शिक्षा असे सारे अधिकार एकवटले होते. एकाच्या गुन्ह्यासाठी साऱ्या जमातीला दंड करता येत असे, आणि लोक त्याचे वर्णन ‘ना अपील, ना वकील, ना दलील’ असे करत. प्रौढ मताधिकारही येथे 1996 मध्ये मिळाला, हे मला फार अन्यायाचे वाटते.

मे 2018 मधील 25 व्या घटनादुरुस्तीने तोवर केंद्राच्या ताब्यात असलेला हा आदिवासी भाग प्रांतात विलीन झाला. आता आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा डेप्युटी कमिशनर आणि नियमित न्यायालये आहेत. पूर्वीचे खासादार व लेव्ही शिपाई (जमातींतून भरती केलेले स्थानिक सुरक्षा दल) 2019 मध्ये पोलिसांत सामावले गेले. तरीही जमिनीचा तंटा उद्भवला की वडीलधारी मंडळी, म्हणजे मलिक आणि ‘स्पिनगिरे’ (पांढऱ्या दाढीचे), वर्तुळाकार बसून जिरगा, म्हणजे जमातीची पंचायत, भरवतात. जून 2014 मध्ये सुरू झालेल्या, दहशतवाद्यांविरुद्धच्या लष्करी मोहिमेत लाखो लोक बन्नूकडे विस्थापित झाले होते, आणि परतल्यावर अनेकांना घरे व बाजारपेठा उद्ध्वस्त झालेल्या दिसल्या.